पाऊण किलो बाजरी

माझ्या पँटच्या उजव्या खिशात एक लहान दुर्बीण असते. मिटली की चष्म्याच्या घराएवढी होते. बँकेच्या पाथर्डी शाखेत बदली होऊन आलो तेव्हा तिथल्या शिपायाने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सायेब, मॅनेजरच्या केबिनीत काय चाललंय ते हितून बघता का?" मी त्याला खरं ते सांगितलं. ही दुर्बीण मी हौसेने निवडलेली नाही, एका परीक्षेत नापास झालो म्हणून माझ्या वाट्याला आली आहे. परीक्षक होते पारनेरचे माझे घरमालक.

त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना राग येणार नाही, पण ते हा मजकूर दोनदा वाचतील आणि चुका सांगायला पहाटे साडेपाचला फोन करतील. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, तेवढं पुरे.

नाना एसटीत आधी कंडक्टर आणि मग कंट्रोलर होते. निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या घशातला स्टँड काही गेला नव्हता. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दाराबाहेर नाकातून आलेली घोषणा ऐकू आली. "भोरड्या, भोरड्या. ज्वारीच्या रानाकडे जाणाऱ्या भोरड्या आज पंधरा मिनिटे उशिराने धावत आहेत." दार उघडलं तर नाना कठड्याशी उभे. एका हातात चहाचा पेला, गळ्यात भलीमोठी काळी दुर्बीण, आणि डोक्यावरून शे-दीडशे गुलाबी-काळ्या पाखरांचा थवा चाललेला.

"झोप झाली का सायेब?" त्यांनी विचारलं.

झाली नव्हती. पण घरमालकाला तसं सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढे या सगळ्याची सवय झाली. नाना रजिस्टर ठेवायचे. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. त्यात रकाने: कोण, कुठून आला, कुठे गेला, वेळ, शेरा. शेऱ्याचा रकाना मी चोरून वाचायचो. टिटवीपुढे लिहिलेलं, "विनाकारण ओरडते." बुलबुलापुढे, "लोकल." भारद्वाजापुढे, "दर्शन झाले. दिवस नेहमीसारखाच गेला." आणि जवळजवळ रोजच्या पानावर एक ओळ असायचीच: "चिमण्या व होले, कठड्यावर, साडेसातला, वेळेवर. कारण कळत नाही." पारनेरमध्ये इतके कठडे असताना ही मंडळी नेमकी यांच्याच गच्चीवर, त्यांची माळावरची फेरी आटोपून यायच्या वेळेला का जमतात, हे कोडं नानांना सुटलेलं नव्हतं. त्यांनी त्यावर वाऱ्याच्या दिशेचाही अभ्यास करून पाहिला होता.

दुर्बीण घ्यायची म्हटलं की तालुक्यातला माणूस नानांकडे यायचा. कोणी कॉलेजातला प्राध्यापक, कोणी दवाखान्यातला कंपाउंडर. सगळ्यांचा प्रश्न एकच. लहान घ्यावी की मोठी? नाना त्याचं उत्तर दुर्बिणीच्या भाषेत देत नसत. ते विचारायचे, "शेळी घ्यायची का म्हैस?"

समोरचा गोंधळला की ते खूश व्हायचे. मग समजावून सांगायचे. "ही पुढची काच म्हंजी कास समजा. उजेड म्हंजी दूध. ल्हानीची कास ल्हान. दिवस वर आला, ऊन पडलं, की शेळी बी पोटापुरतं देती, न्हाई म्हनत न्हाई. पन तांबडं फुटायच्या आधी, न्हाईतर दिवस मावळताना, म्हशीशिवाय भागत न्हाई. आता म्हैस म्हनली की वैरन आली. वझं आलं. शेळी खिशात बसती. म्हैस मानंवर बसती. तुमी सांगा, तुमाला जमंल का?"

प्रत्येकाला वाटायचं, आपल्याला जमेल. आठ पंचवीस आणि आठ बेचाळीस हे लहान नि मोठ्या काचेच्या दुर्बिणींचे आकडे इंटरनेटवर वाचून आलेला माणूस तर हमखास मोठीवर बोट ठेवायचा. मग नाना आत जायचे आणि खाकी पिशवी घेऊन यायचे.

ही पिशवी त्यांच्या जुन्या युनिफॉर्मच्या पँटची होती. काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, ती हातशिलाईने शिवली होती आणि तिला कंडक्टरच्या बॅगेचा चामडी पट्टा लावला होता. आत मोजून पाऊण किलो बाजरी. मोठ्या दुर्बिणीचं वजन तेवढंच. ही पिशवी आठ दिवस गळ्यात वागवायची. उठल्यापासून झोपेपर्यंत, आंघोळ आणि जेवण सोडून. बाजारात, शेतावर, लग्नात, मयतीला, कुठेही. आठव्या दिवशी नाना तागडीत बाजरी तोलून पाहायचे आणि निकाल द्यायचे.

"पहिल्या दिवशी मान दुखती," ते सांगायचे. "चौथ्या दिवशी लाज वाटती. आठव्या दिवशी गळ्यात काय हाय ह्येच मानूस इसरून जातो. इसरला, त्यो म्हशीचा मालक."

कोणी इसरला नाही. प्राध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी पिशवी परत पाठवली. राळेगणसिद्धीहून एक दूधवाला आला होता. त्यांच्या तळ्यावर थंडीत बदकं उतरायची, त्याला ती जवळून बघायची होती. तो पहाटे चारला धारा काढायला उठतो म्हटल्यावर नानांना भरून आलं. हा पास होणार, असं त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगून टाकलं. सहाव्या दिवशी तो फाटकी पिशवी घेऊन आला. धार काढायला वाकला असताना रेडकाने पिशवी चावली होती आणि निम्मी बाजरी खाल्ली होती. खऱ्या म्हशीने खोट्या म्हशीचा असा निकाल लावल्यावर नाना त्या संध्याकाळी गच्चीवर आले नाहीत. काकूंनी पिशवीला ठिगळ लावलं.

माझी परीक्षा त्यानंतर झाली. मी मूळचा कोपरगावकडचा, पाटाच्या पाण्यातला. ऊस सोडून दुसरं हिरवं काही मला नीट ओळखता येत नव्हतं. पण नानांबरोबर चार-सहा वेळा माळावर गेलो आणि माझंही डोकं फिरलं. मला मोठीच हवी होती. खरं सांगायचं तर नानांच्या गळ्यात होती म्हणून हवी होती.

तीन दिवस मी निभावलं. चौथ्या दिवशी बँकेत काउंटरवर एक म्हातारी आली. तिने पासबुक पुढे केलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "बाबा, कुन्या देवाचं हाय? आमच्या नातवाला बी लई नजर लागती." मागच्या रांगेतले दोघे-तिघे पुढे सरकून पाहू लागले. मी पिशवी काढून ड्रॉवरमध्ये टाकली. त्याच दुपारी नाना हयातीच्या दाखल्याची सही करायला आले. काचेतून त्यांनी माझा मोकळा गळा पाहिला, सही केली, पेन खिशाला लावलं आणि जाता जाता एकच शब्द बोलले, "शेळी."

मला त्याचा राग आला होता, हे कबूल करतो. संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर तोंड पाडून बसलो होतो तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. "एवढं मनाला लावून घिऊ नका," त्या म्हणाल्या. "मी बी नापासच हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर नानांच्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नव्हतं. ही परीक्षा नानांनी सगळ्यात आधी काकूंची घेतली होती, निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. काकूंनाही माळावर यायचं होतं. त्यांनी आठही दिवस पिशवी काढली नाही. भाकरी थापताना नाही, धुणं धुताना नाही. आठव्या दिवशी नानांनी बाजरी तोलली, तर पाव किलो कमी भरली. नानांना वाटलं, बायकोने वजन हलकं करायला हळूहळू काढून टाकली. त्यांनी रजिस्टरात निकाल लिहून टाकला आणि त्यानंतर माळावर एकटेच जात राहिले.

"मग ती बाजरी गेली कुठं?" मी विचारलं.

"उन्हाळा हुता," काकू म्हणाल्या. "चिमन्या कठड्यावर यायच्या, चोची वासून बसायच्या. गळ्यात बाजरी अन् समोर त्या उपाशी. मूठ-मूठ टाकली. अजून टाकते की. हे माळावर गेले की रोज टाकते, तुमी झोपेत असताना."

"हे तुम्ही नानांना सांगितलं नाही?"

"त्यांनी इचारलंच न्हाई. वजन केलं अन् लिवून टाकलं." त्यांनी माझ्या हातातली रिकामी कपबशी घेतली. "ते म्हनत्यात ना, वजन खोटं बोलत न्हाई."

हे मी नानांच्या कानावर घातलं नाही. नवरा-बायकोच्या मध्ये भाडेकरूने पडू नये, असं माझी आई सांगायची. नगरला जाऊन लहान दुर्बीण घेतली. दुपारच्या उन्हात तिच्यातून छान दिसायचं, आणि मला तेवढंच जमण्यासारखं होतं हेही हळूहळू पटलं. काकूंना मात्र कसलीच दुर्बीण नव्हती आणि लागतही नव्हती. गच्चीवर कुरडया वाळत घालताना त्या मान वर न करता म्हणायच्या, "त्यो बघा, तारंवर नीळकंठ बसलाय." नाना म्हणायचे, "थांब, खात्री करू दे," आणि म्हैस उचलायचे. खात्री करायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं. काकूंचं चुकलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

नानांचा खरा जीव होता तो मुक्कामींवर. थंडीत आमच्या गायरानावर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी उतरतात. लांबच्या थंड मुलखातून येतात, दिवसभर रानोमाळ फिरतात आणि रात्री कुसळी गवतात जमिनीवरच मुक्कामाला बसतात. तांबडं फुटायच्या सुमाराला एक-एक उठतो आणि आपल्या दिशेने निघून जातो. खेड्यावर मुक्कामाला गेलेली एसटी पहाटे निघते तसं. नाना त्यांना मुक्कामी गाड्याच म्हणायचे. कार्तिकापासून माघापर्यंत रोज पहाटे जाऊन ते मोजायचे, किती सुटल्या, कुठल्या दिशेला. इतकी वर्षं त्यांचा एकही खाडा नव्हता. "गाडी सुटली अन् कंट्रोलरनी लिवली न्हाई, तर ती गेली कुठं म्हनायची?" ते मला विचारायचे. आणि हे मोजणं अंधुक उजेडातलं. तिथे शेळीचं काम नव्हतं.

माझ्या पारनेरमधल्या तिसऱ्या थंडीच्या सुरुवातीला नानांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. पेला हातातून सुटायचा. नगरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, मानेला पट्टा दिला आणि बजावलं, गळ्यात काही अडकवायचं नाही. कंडक्टरच्या बॅगेपासून जी मान वाकली ती म्हशीने पुरती वाकवली होती.

मी माझी लहान दुर्बीण नानांना दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली आणि खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे माळावर गेले आणि तासाभराच्या आत परत आले. दुर्बीण माझ्या खिडकीत ठेवत म्हणाले, "तुमची वस्तू ब्येस हाय सायेब. पन तिच्यातून मला नुसता अंधारच दिसला, जवळ आनलेला."

त्या दिवसापासून नाना माळावर गेले नाहीत. मोठी दुर्बीण हातात धरून बघा, असं मी सुचवलं, तर हात दोन मिनिटांत थरथरायला लागायचा. गच्चीवरची घोषणा बंद झाली. भोरड्या उशिराने धावोत की वेळेवर, सांगणारं कोणी राहिलं नाही. नाना खाली पडवीत पट्टा लावून बसायचे. पट्ट्यामुळे त्यांना आभाळाकडे बघता यायचं नाही, आणि जमिनीकडे तर ते कधी बघतच नव्हते. काकू भाकरी वाढायच्या, ते अर्धी ठेवायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन गेला, तोही म्हणाला, बाबा एकदम म्हातारे झाले.

बारा दिवसांनी मी बँकेतून आलो तर रजिस्टर त्यांच्या मांडीवर उघडं होतं. बारा ओळी कोऱ्या होत्या.

"झालं," नाना म्हणाले. "हितनं म्होरं मुक्कामी कोन मोजनार? आठ दिवस पिशवी वागवल्याला ह्या अख्ख्या गावात एक मानूस न्हाई."

आईची शिकवण मी त्या क्षणी विसरलो. काकू आत चुलीपाशी होत्या, त्यांचा तवा वाजत होता. मला नानांचा खरोखर राग आला. मी म्हणालो, "आहे की एक माणूस. आठही दिवस वागवली. तुम्ही नापास केलंत." आणि चिमण्यांची सगळी हकिकत सांगून टाकली. अजूनही टाकतात, हेसुद्धा.

नानांनी मान वळवायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळे वळली नाही, म्हणून ते खुर्चीसकट वळले आणि आतल्या दाराकडे बघत बसले. मी वर निघून गेलो. जेवणाच्या वेळी खालून नेहमीसारखे आवाज आले नाहीत, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःला शिव्या दिल्या. खोली सोडावी लागणार, असंही वाटून गेलं.

पहाटे जिन्याखाली चपलांचा आवाज झाला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. अंगणातल्या दिव्याखाली नाना उभे होते, बगलेत रजिस्टर, मानेला पट्टा. काकूंनी लुगड्यावर नानांचा जुना खाकी स्वेटर चढवला होता. नाना त्यांच्या गळ्यात मोठी दुर्बीण अडकवत होते. थरथरत्या हाताने पट्टा केसांतून सोडवायला त्यांना वेळ लागत होता, आणि काकू मान खाली घालून उभ्या होत्या.

"जड लागंल," नाना म्हणाले.

"तुमच्या नावाचं चाळीस वर्सं गळ्यात हाय," काकू म्हणाल्या. "आता ह्ये काय जड लागतंय."

मी खिशात शेळी टाकली आणि मागून निघालो. कोणी ये म्हणालं नव्हतं आणि कोणी नकोही म्हणालं नाही.

माळावर हिवराच्या झाडाआड आम्ही बसलो. गवत नुसतं काळपट दिसत होतं. काकूंनी दुर्बीण डोळ्यांना लावली तेव्हा नाना सांगायला लागले, मधली चकती फिरव, कोपर गुडघ्यावर टेकव. काकूंनी चकती फिरवली, कोपर टेकवलं आणि म्हणाल्या, "वाईच गप बसा."

नाना गप्प बसले. मी हे प्रथमच पाहत होतो.

"उठला एक," काकू म्हणाल्या. "बाभळीच्या अंगानं. राखाडी हाय, पंखाची टोकं काळी."

"नर," नाना पुटपुटले आणि त्यांनी लिहिलं. "कुनीकडं?"

"सुप्याकडं. आनखी एक. ही तपकिरी. तिच्यामागं दुसरी. थांबा, गवतात अजून एक बसलाय, त्यो पंख झाडतोय."

मला माझ्या दुर्बिणीतून काहीच दिसत नव्हतं. नाना काकूंच्या तोंडाकडे बघत लिहीत होते. आठ झाले. एकदाही ते "खात्री करू दे" म्हणाले नाहीत. नववा उठायच्या बेतात होता तेव्हा काकूंनी दुर्बीण त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "बघा की."

पट्टा काकूंच्याच गळ्यात होता. त्यामुळे नानांना सरकून त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. वजन काकूंनी धरलं होतं, नाना नुसते बघत होते. मी उगाच दुसरीकडे पाहिलं. बराच वेळ झाला, तो पक्षी केव्हाच निघून गेला असणार, तरी दोघं तशीच बसून होती. नानांनी डोळे पुसले आणि म्हणाले, थंडीनं पानी येतं.

त्यानंतर त्या थंडीत एकही खाडा झाला नाही.

पावसाळ्याआधी माझी पाथर्डीला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी नानांनी मला खाली बोलावून रजिस्टर दाखवलं. चिमण्यांच्या ओळीत आता "कारण कळले" असा शेरा होता. मग त्यांनी सगळ्यात जुनं रजिस्टर काढून शेवटचं पान उघडलं. तिथे पिशवीच्या परीक्षेचे निकाल होते. सगळ्यात वर काकूंचं नाव, आणि त्यापुढे जुन्या निळ्या शाईत, "पाव किलो कमी. लबाडी. नापास." त्यावर तांबड्या शाईने एक सरळ रेघ मारली होती. खाली नानांच्या थरथरत्या अक्षरात नवीन ओळ होती, "पाव किलो पाखरांनी खाल्ली. वजनात चूक नाही, तोलणाऱ्याची चूक. पास." त्याखाली कंट्रोलर म्हणून सही होती आणि आदल्याच दिवसाची तारीख.

मग धीर करून मी पानाच्या तळाशी माझ्या नावापुढच्या "नापास"वर बोट ठेवलं. "नाना, आणि हे?"

नानांनी चष्मा वर करून माझी ओळ नीट वाचली, पेनचं टोपण लावलं आणि रजिस्टर मिटलं.

"तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले.